‘दास मार्सप्रोयेक्ट’ : हिशेबातील माणूस

वेर्नर फॉन ब्राउन यांच्या ‘दास मार्सप्रोयेक्ट’ (१९५२) या ग्रंथातील मंगळमोहीम कधीच प्रत्यक्षात आली नाही. त्याची चर्चा बहुधा एकाच चुकीपाशी थांबते. मंगळाचे वातावरण पुरेसे दाट आहे असे गृहीत धरून त्यांनी पंख असलेल्या यानांनी उतरण्याची योजना आखली. १९६५ मध्ये ‘मरिनर ४’ने ते गृहीतक मोडीत काढले. परंतु हा दोष तत्कालीन ज्ञानाचा होय, लेखकाचा नव्हे.

वस्तुतः हे लेखन १९४८ मध्ये एका कादंबरीचे तांत्रिक परिशिष्ट म्हणून सिद्ध झाले. कादंबरी प्रकाशकांनी नाकारली. परिशिष्ट तेवढे ग्रंथरूपात आले. ते योग्यच झाले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १० याने, ७० प्रवासी आणि ती सामग्री पृथ्वीच्या कक्षेत पोहोचविण्यासाठी ९५० उड्डाणे! येथे हिशेब हेच कथानक आहे आणि ते खिळवून ठेवते.

खटकते ते निराळेच. या मोहिमेचा व्याप एखाद्या मर्यादित लष्करी कारवाईहून अधिक नाही, असा निर्वाळा आरंभीच दिला जातो. युद्धाचे माप इतक्या सहज हाती घेणारा हा लेखक व्ही-२ क्षेपणास्त्राचा शिल्पकार होता, आणि ती क्षेपणास्त्रे मिटेलबाउ-डोरा छळछावणीतील कैद्यांकडून सक्तीने घडवून घेतली गेली होती. अमेरिकेतील फोर्ट ब्लिस येथे लिहिलेल्या या पानांत शेकडो उड्डाणांची यंत्रे घडविणारे हात कोठेच दिसत नाहीत. माणूस येतो तो प्रवासी म्हणून, तोही अन्न, पाणी व प्राणवायूच्या किलोग्रॅमांत.