गारवा कुठे साठवायचा?

नांगर टाकून उभ्या असलेल्या शिडाच्या बोटीवरचा छोटा फ्रिज ही मला यंत्रकलेतली फार देखणी रचना वाटते. ती कळायला समुद्रकाठीच राहावं लागतं असं नाही. नागपूरच्या कळमना बाजारात मृग बहाराची संत्री उतरताना जो पाहतो, त्याला ती चटकन उमगेल. बाहेर ऊन, आत नासणारा माल आणि हाताशी मोजकी वीज, हा पेच दोन्हीकडे सारखाच आहे.

बोटीचं इंजिन चालू असेपर्यंत काळजी नसते, कारण त्यावरचा अल्टरनेटर बॅटरी भरत राहतो. नांगर पडला, इंजिन थांबलं, की हिशेब सुरू होतो. १२ व्होल्टवर चालणारा लहान कॉम्प्रेसर साधारण ४ अँपिअर घेतो आणि उकाड्यात निम्मा वेळ चालतो. चोवीस तासांचे झाले ४८ अँपिअर-तास. बॅटरीवर १०० अँपिअर-तास लिहिलेलं असलं तरी लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर लवकर कामातून जाते. म्हणजे वापरायला खरे ५०च. भार बंद करून, बॅटरीला थोडी विश्रांती देऊन मीटर लावला, तर भरलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते आणि निम्मी झालेली १२.२ च्या आसपास. काट्याच्या त्या अर्ध्या व्होल्टात बोटीवरचा अख्खा दिवस आणि रात्र मावलेली असते.

इथे पहिला विचार येतो तो आणखी एक बॅटरी घेण्याचा. जाणकार नावाडी आधी फ्रिजच्या आत पाहतो. तिथे भिंतीला लागून स्टीलची एक चपटी, बंद पेटी बसवता येते. तिच्यात मिठाचं द्रावण भरलेलं असतं आणि त्यातून कॉम्प्रेसरची नळी फिरवलेली असते. दुपारी बोटीवरच्या सौर पॅनलवर ऊन कडक असताना कॉम्प्रेसर सलग चालवायचा आणि ते द्रावण गोठवून टाकायचं. सूर्य मावळला की कॉम्प्रेसर बंद. रात्रभर ती पेटी हळूहळू वितळते आणि आतला मासा, दूध, भाजी गार राहते. बॅटरीला जवळजवळ हात लागत नाही.

आता याचं गणित बघा, कारण या रचनेचं सौंदर्य गणितातच आहे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता पोटात घेतो, म्हणजे सुमारे ९३ वॉट-तास. दहा किलोचे झाले ९३०. तिकडे बॅटरीचे वापरण्याजोगे ५० अँपिअर-तास म्हणजे ६०० वॉट-तास. असा कॉम्प्रेसर एक भाग विजेवर साधारण दीड भाग उष्णता बाहेर काढतो, म्हणून गारव्याच्या भाषेत ९००. म्हणजे पंचवीस-तीस किलोची बॅटरी निम्मी उपसून जे मिळतं, ते दहा किलो बर्फ देतो. मिठाच्या पाण्यात हा आकडा थोडा कमी होतो, पण हजार वेळा गोठून वितळलं तरी पाणी झिजत नाही. जे ऊन अन्न नासवायला टपलेलं असतं, त्याच उन्हाने त्याच तासांत रात्रीची बेगमी करून घ्यायची, ही यातली मला सर्वांत आवडलेली जागा.

दोषही सांगितला पाहिजे. द्रावण शून्याच्या खाली गोठतं, त्यामुळे कॉम्प्रेसरला जास्त थंड टोकावर काम करावं लागतं आणि तेवढ्याच गारव्याला वीज जास्त पडते. वीज फुकट पडत असते त्या दुपारी हा तोटा परवडतो. रात्री बॅटरीवर पेटी गोठवणं मात्र शुद्ध नुकसान आहे. म्हणून ही रचना वेळ पाळणाऱ्यालाच फळते.

पण पेटीच्याही आधी येते भिंत. चांगल्या बोटीवर फ्रिजभोवती दहा सेंटिमीटर पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम, असतो आणि झाकण वरून उघडतं. थंड हवा जड, ती उघडल्यावर सांडत नाही. घरातल्या उभ्या फ्रिजचं दार उघडताच ती पायांवर ओघळते. पातळ भिंतीच्या फ्रिजला कितीही बॅटऱ्या जोडा, तो त्या पितच राहणार.

हे सगळं कळमन्यात मोठ्या मापाने दिसतं. काटोल, नरखेड, वरुडकडची संत्री इथे येतात. नागपुरी संत्र्याची साल सैल, फळ नाजूक. ते सहा-सात अंशांवर ठेवलं तर टिकतं, त्याहून बरंच खाली नेलं तर गारठ्यानेच बिघडतं. समजा, दुपारी ४० अंशांवरचं एक टन संत्रं ७ अंशांवर आणायचं आहे. त्यासाठी लागणारा गारवा सुमारे पावणेचारशे किलो बर्फाएवढा! तेच फळ पहाटे २५ अंशांवर असताना तोडून सावलीत ठेवलं, तर दोनशेच्या आसपास किलोत भागतं. निम्मी वीज झाडावरच वाचली. बोटीवरही हाच नियम लागू पडतो: किनाऱ्यावरून आणलेल्या गरम बाटल्या सरळ फ्रिजमध्ये कोंबल्या की सगळा हिशेब कोलमडतो. सामान धक्क्यावरच्या विजेवर आधी गार करून घ्यावं, मग नांगर उचलावा.

शीतगृहाचं दार हे मला या विषयातलं दुसरं सुंदर चित्र वाटतं. जाडजूड दार, कडेला रबर आणि आत प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. हमाल लाल मिरचीचं पोतं पाठीवर घेऊन त्यातून शिरतो आणि पट्ट्या त्याच्यामागे लगेच मिटतात. आत माल भरगच्च असेल तर वीज गेल्यावर तापमान संथ चढतं, कारण गार झालेला माल स्वतःच साठा असतो. अर्धं रिकामं शीतगृह भराभर तापतं. बोटीवरचे लोक फ्रिजमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवतात, त्याचं कारण हेच.

यंत्राशिवाय हा साठा किती लांब जाऊ शकतो, हे 'टस्कनी' जहाजाने दाखवलं. १८३३ साली ते बोस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कोलकात्याला पोचलं तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. बॅटरी नाही, कॉम्प्रेसर नाही. होतं ते नीट रचलेलं लाकडी अस्तर.

आपल्याकडे आज हा विचार समुद्रापेक्षा जमिनीवर जास्त कामाला येतो आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींसाठी भिंतींत बर्फ असलेला फ्रिज असतो. चोवीसांपैकी आठ तास वीज मिळाली तरी तो लस २ ते ८ अंशांत राखतो. पुण्याच्या इकोझेन कंपनीची 'इकोफ्रॉस्ट' ही पाच टनांची सौर शीतखोली दिवसा थंडी साठवून रात्री वापरते. आइस्क्रीमच्या काही गाड्यांतही अशाच पेट्या असतात. रात्रभर प्लगला लावायच्या आणि दिवसभर शहरात फिरवायच्या.

लिथियम बॅटऱ्या आल्यावर हे सगळं जुनं झालं का? छोट्या बोटीपुरतं बऱ्याच अंशी, होय. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी ऐंशी-नव्वद टक्के उपसता येते, वजनाला हलकी असते आणि कॉम्प्रेसरला सोयीच्या तापमानावर चालू देते. मी आज बोट सजवणाऱ्याला जाड पफ आणि लिथियम हाच सल्ला देईन. पण संत्र्याच्या टनांपाशी आलो की माझा कौल अजून बर्फालाच. एका टनासाठी दहा-पंधरा युनिट वीज बॅटरीत साठवण्याचा खर्च शेतकऱ्याने का उचलावा? पाणी तर त्याच्याकडे आहेच.

म्हणून कळमन्याकडे माल पाठवणाऱ्या आणि गावात शीतखोली उभारू पाहणाऱ्या शेतकरी गटांना एक विनंती. विक्रेता बॅटरीचे आकडे सांगू लागला की त्याला थांबवा. आधी भिंतीत पफ किती आहे ते विचारा, मग थंडी साठवायची टाकी किती लिटरची आहे ते, आणि बॅटरीचं सगळ्यात शेवटी.