बिल्ल्यातली फिल्म आणि त्यागाची चौकट

मराठीत एखाद्या शास्त्रज्ञ किंवा वैद्यक स्त्रीविषयी लिहिले जाते ते बहुधा दोन कारणांनी. एक तर ती कशात तरी 'पहिली' असते, किंवा ती आपल्या कामापायी झिजून गेलेली असते. दोन्ही गोष्टी जुळून आल्या तर चरित्रकाराला वेगळे कष्ट उरत नाहीत. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, गेल्या. त्यांच्यावर काशीबाई कानिटकरांचे चरित्र आहे, श्री. ज. जोशींची कादंबरी आहे, नाटक आहे, चित्रपट आहे. डॉ. रखमाबाईंनी १८९४ नंतर सुमारे पस्तीस वर्षे सुरत आणि राजकोट येथे प्रत्यक्ष रुग्णसेवा केली आणि १९५५ पर्यंत त्या हयात होत्या. पण त्यांचे नाव काढले की पुढे येतो तो विवाहाचा खटला. ती पस्तीस वर्षे एका परिच्छेदात उरकतात. मला ही वाटणी नेहमी खटकत आली आहे. मृत्यूला प्रकरण मिळते आणि नोकरीला ओळ!

आम्हा सोलापूरकरांना तर ही चौकट घरचीच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले. १९४२ मध्ये चीनमध्ये सैनिकांची शुश्रूषा करताना ते गेले, आणि १९४६ मध्ये व्ही. शांतारामांच्या चित्रपटाने त्यांची कहाणी 'अमर' केली. त्या त्यागाबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की याच चौकटीतून आपण विज्ञानाकडे पाहू लागलो की काय दिसते आणि काय दिसायचे राहते.

याचे उत्तर किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात सर्वांत स्पष्ट मिळते. मेरी क्युरी मराठी घराघरांत पोचली ती मुख्यतः ईव्ह क्युरी या तिच्या मुलीने १९३७ मध्ये लिहिलेल्या चरित्रामुळे आणि त्यावर पोसलेल्या असंख्य लहानमोठ्या पुस्तकांमुळे. गळकी शेड, पिचब्लेंडचे ढीग, काचनळीतला निळसर उजेड, भाजलेली बोटे आणि १९३४ मधला रक्तक्षयाने झालेला मृत्यू. तिच्या वह्या आजही शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात, हा तपशील तर शाळेच्या हस्तलिखितापासून दिवाळी अंकापर्यंत फिरतो. या सगळ्यात किरणोत्सर्ग हा जणू एखादा उग्र दैवत आहे आणि भक्ताने त्याला देह वाहायचा आहे. भाजलेली बोटे टाळता आली असती का, ती कोणी मोजली, पुढच्या मुलींची बोटे वाचावीत म्हणून कोणी काय केले, हे प्रश्न त्या कथेत बसत नाहीत. ते विचारले तर कथेची हवाच जाते.

ते प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारले त्या ईडिथ हिंकली क्विंबी यांचे नाव मराठी वाचकाला क्वचितच भेटते. जन्म १८९१, अमेरिकेतील इलिनॉय राज्यातला. १९१२ मध्ये बी.एस., १९१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाची एम.ए. नवऱ्याला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जायचे होते, घर चालवायला नोकरी हवी होती, म्हणून १९१९ मध्ये त्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये जोआकीनो फायला यांच्या हाताखाली लागल्या. पीएच.डी. त्यांनी कधी केली नाही. डॉक्टरेट मिळाल्या त्या मानद. (पदवीशिवाय अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला या ओळीपाशी थोडे थांबावेसे वाटते, पण ते असो.)

त्या काळी रेडियमच्या सुया गाठीत टोचायच्या, तर किती टोचायच्या आणि किती तास ठेवायच्या, हे डॉक्टरच्या अंदाजावर चाले. मात्रेचे एकक म्हणजे कातडी लाल होणे. दुधाला उकळी आली की गॅस बंद करायचा, तसलाच हा हिशोब, फक्त भांडे माणसाचे. क्विंबीबाईंनी वीस वर्षे बसून सुयांभोवती पेशीजालात किती अंतरावर किती मात्रा पोचते ते मोजले आणि कोष्टके केली. १९२० ते १९४० या काळात त्यांचे पन्नासेक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. सारख्या ताकदीच्या सुया सारख्या अंतरावर लावल्या तर मध्यभागी मात्रा जास्त आणि कडेला कमी पडते. 'क्विंबी पद्धती' हे मान्य करून त्याचा हिशोब देते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मँचेस्टरला पॅटरसन आणि पार्कर यांनी उलट मार्ग धरला: रेडियमची वाटणी असमान करायची आणि मात्रा जवळपास समान मिळवायची. दोन्ही पद्धती पुढे अनेक वर्षे शेजारीशेजारी वापरल्या गेल्या. यात शेडही नाही आणि निळा उजेडही नाही. आकड्यांची कोष्टके आहेत, आणि त्या कोष्टकांमुळे एखाद्या बाईच्या मूत्राशयाला भोक पडायचे टळले, तर ती बाई ते कधीच जाणणार नाही. चरित्रकाराची अडचण नेमकी इथे आहे. न झालेल्या इजेचा प्रसंग रंगवायचा कसा?

दुसरे काम बिल्ल्याचे. १९२६ मध्ये क्विंबीबाईंनी क्ष-किरण आणि रेडियमच्या प्रयोगशाळांतल्या विखुरलेल्या किरणांचा माग घेण्यासाठी दातांच्या छायाचित्राची छोटी फिल्म वापरण्याची पद्धत मांडली. फिल्म काळी किती पडली यावरून कामगाराच्या अंगावर किती किरण आले ते कळते. कल्पना इतकी साधी, की तिला शोध म्हणायला आपली जीभ अडखळते. पण तिचा अर्थ मोठा आहे. तोवर खोली सुरक्षित आहे की नाही एवढेच विचारले जाई. आता या खोलीत वावरणाऱ्या अमुक माणसाला किती मिळाले, हा प्रश्न उभा राहिला. मजुराचा हिशोब त्याच्या नावाने लिहिला जाऊ लागला. गिरणीच्या गावात वाढलेल्या माणसाला या फरकाचे मोल निराळे सांगायला नको. हवेतला कापसाचा तंतू आणि अमक्याच्या छातीतला दमा यांच्यामध्ये असा एकही बिल्ला नव्हता.

१९४० मध्ये त्यांना अमेरिकन रेडियम सोसायटीचे जेनवे पदक मिळाले आणि १९४१ मध्ये उत्तर अमेरिकेच्या रेडिऑलॉजिकल सोसायटीचे सुवर्णपदक. हे दुसरे पदक पूर्वी मेरी क्युरीलाही मिळाले होते. १९४४ मध्ये ग्लासर, टेलर, वेदरवॅक्स यांच्यासह लिहिलेला रेडिऑलॉजीच्या भौतिक पायांवरचा ग्रंथ निघाला. कोलंबियातील अध्यापन, किरणोत्सारी समस्थानिके सुरक्षित हाताळण्याविषयीचे १९६० चे पुस्तक, १९८२ मध्ये वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी मृत्यू. रेडियमजवळ एवढी वर्षे काढून नव्वदी ओलांडली, हे एका माणसाचे उदाहरण आहे, पुरावा नव्हे. तरी चरित्रकारांनी त्याची दखल घ्यायला हरकत नव्हती.

रोझलिन यॅलो यांची गोष्ट इथे ओघाने येते. त्या क्विंबीबाईंच्या प्रयोगशाळेत बिनपगारी शिकायला गेल्या. क्विंबीबाईंनी त्यांना फायलांकडे नेले, फायलांनी एक फोन केला आणि यॅलोंना ब्राँक्सच्या रुग्णालयात जागा मिळाली. १९७७ चे नोबेल तिथल्या कामाला मिळाले. आपल्याकडे थायरॉइडची तपासणी अनेक वर्षे त्याच तंत्राने होत असे. यॅलोंवर लेख निघतात, नोबेल आहे ना!

मात्र क्विंबीबाईंचीही आरती ओवाळू नये. त्यांच्या पिढीने 'सहन होण्याजोगी मात्रा' ही कल्पना स्वीकारली होती. १९२४ मध्ये मुत्शेलर यांनी कातडी लाल करणाऱ्या मात्रेचा शंभरावा भाग महिन्याभरात चालेल असे मांडले, आणि मोजणाऱ्यांचे जग बराच काळ अशाच उंबरठ्याच्या भाषेत बोलत राहिले. बिल्ला किती मिळाले ते सांगतो. त्याने पुढे वीस वर्षांनी काय होईल ते तो सांगत नाही. ते सांगायला आली ती वेगळी बाई, ॲलिस स्टुअर्ट. ती ना भौतिकशास्त्रज्ञ, ना किरणतज्ज्ञ. ऑक्सफर्डमध्ये तिने मृत मुलांच्या आयांना प्रश्न विचारले आणि १९५६ व १९५८ मध्ये दाखवले की गरोदरपणी पोटाचे क्ष-किरण छायाचित्र काढलेल्या स्त्रियांच्या मुलांत कर्करोग अधिक आढळतो. क्षेत्रातल्या जाणत्यांनी तिचे म्हणणे सहजासहजी मानले नाही. आज एक्स-रे केंद्राच्या दारावर 'गरोदर स्त्रियांनी आधी सांगावे' अशी जी पाटी असते, तिच्यामागे स्टुअर्टच्या प्रश्नावलीचा मोठा वाटा आहे. किरणोत्सर्ग संरक्षणाचा इतिहास लिहायचा तर यंत्राने मोजणारी आणि आयांना विचारणारी अशा दोघी हव्यात. एकीनेच भागत नाही.

आपल्याकडे हा धागा मुंबईतून येतो. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले. तिथे वैद्यकीय भौतिकीचा पाया घालणारे रामय्या नायडू हे क्युरीबाईंच्या प्रयोगशाळेत काम केलेले. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने या विषयाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला, फिल्मच्या बिल्ल्याची जागा टीएलडी बिल्ल्याने घेतली आणि १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ आले. टीएलडी बिल्ल्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. तापवल्या की साठवलेली ऊर्जा प्रकाशरूपाने देतात. कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ३० च्या वर नाही, ही मर्यादा. बिल्ला छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा असतो. प्रत्यक्षात मी एकाहून अधिक ठिकाणी तो खिळ्याला लटकलेला पाहिला आहे. नावे घेत नाही. खिळ्यावरचा बिल्ला भिंतीची मात्रा मोजतो, आणि तिथे दिवसभर उभ्या असलेल्या तंत्रज्ञ मुलीच्या नावावर कागदोपत्री शून्य पडते. म्हणजे १९२६ च्या आधीच्या काळात आपण आपखुशीने परत गेलो.

बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासूनची, देशातली पहिली. त्याच संस्थेच्या सहभागाने उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील ४९७ गावांत १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा जो अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर गाजला. त्या अभ्यासाविषयी लिहिताना गावे आली, स्त्रिया आल्या, डॉक्टर आले. पण या रोगावर आतून किरण देतात, आमच्याकडच्या बाया ज्याला 'शेक' म्हणतात, त्याची मात्रा काढणारा माणूस मराठी मजकुरात कुठे दिसत नाही. आज रेडियमच्या जागी बहुधा इरिडियम-१९२ असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवसांचे, म्हणजे सोमवारी जो वेळ पुरतो तो पुढच्या सोमवारी पुरत नाही, दर वेळी आकडा नव्याने काढावा लागतो. मूत्राशय आणि गुदाशय दोन्हीकडे हाताच्या बोटाएवढ्याही अंतरावर नसतात. हे गणित करणारी व्यक्ती अनेकदा स्त्री असते, तळघरातल्या खोलीत बसते आणि तिच्या दारावर डॉक्टरची पाटी नसते. रुग्णाचे नातेवाईक तिला टेक्निशियन समजतात आणि पेढे वर देऊन जातात.