'माणसाळणे' : एका क्रियापदाची सोय

'माणसाळणे' हे मराठीत मूलतः अकर्मक क्रियापद आहे. प्राणी माणसाळतो, त्याला कोणी माणसाळवले हे सांगायचे तर प्रयोजक रूप योजावे लागते. 'लळा' तर नुसता लागतो. म्हणजे रानातला जीव घरात येण्याची घटना भाषेत नोंदली जाते, परंतु त्याला धरणारा हात वाक्यातून गळतो. वन्य जीव पाळल्याच्या बालपणीच्या आठवणी ज्या आत्मपर लेखनात येतात, त्यातील निरागसता बऱ्याच अंशी या व्याकरणिक सोयीवर उभी असते.

'श्यामची आई'मधील 'भूतदया' हे प्रकरण या परंपरेचा आदिनमुना मानता येईल. तेथे पिलू घरट्यातून पडलेले आहे. मुले त्याला जपतात, ते मरते, मुले त्याला पुरतात. कोणी हिरावून आणलेले नसल्याने दया निष्कलंक राहते. याउलट हेमलकशाच्या प्रकाश आमटे यांच्या प्राणिसंसाराचा आरंभ शिकारीपासून होतो : मारून नेल्या जाणाऱ्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिलू त्यांनी मागून घेतले. प्रसंग प्रौढपणचा असला तरी त्याने एक क्रम उघड केला. लळ्याच्या आधी बहुधा कोणाचा तरी मृत्यू घडलेला असतो.

सोलापूरच्या संदर्भात हा क्रम अधिक निकरीचा होतो. येथे घनदाट अरण्य नाही, माळरान आहे. काळवीट, लांडगा, खोकड, तितर यांचा हा प्रदेश गिरणगावापासून फारसा दूर नव्हता. तरीही गावातल्या मुलाच्या हाती रानचा जीव सहसा माणसाकरवी, शिकाऱ्याकरवी किंवा फासेकऱ्याकरवी येणार. 1932 साली याच शहरात, तेलुगू मातृभाषेच्या घरात जन्मलेल्या मारुती चितमपल्ली यांचे 'चकवाचांदणं' (2005) वाचताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता येत नाही. या आत्मचरित्राचा निवेदक दुहेरी आहे. रानाची ओढ लागलेला मुलगा त्यात बोलतो, आणि तीन दशकांहून अधिक काळ वनखात्यात घालवलेला अधिकारीही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जे निषिद्ध ठरवले, ते त्या मुलाच्या काळी रूढ होते. स्मरणरंजनाचा आनंद घेणारा वाचक या दोन आवाजांमधील अंतर सहज ओलांडून जातो; समीक्षेने तसे करू नये.

कारण याच माळावर आणखी एक बालपण होते. फासेपारधी पिंजऱ्यातला तितर बोलका करतात आणि त्याच्या हाकेवर रानातले तितर फाशात ओढतात. हा तितर पाळणारे, त्याला दाणा टिपायला लावणारे पारध्याचे मूलही रानच्या जीवाला माणसाळवतच असते, आणि त्याचा लळा कमी होता असे मानण्यास कोणताही आधार नाही. पण मध्यमवर्गीय वाङ्मयात एकाचे पाळणे 'भूतदया' ठरते, दुसऱ्याचे 'शिकार'. 1871च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांची सोलापुरात सेटलमेंट होती. तेथील माणसांना गिरणीच्या कामाला लावून 'सुधारण्या'चा प्रयोग चालला. तो कायदा 1952 साली गेला. माणसांनाच माणसाळवण्याचा हा प्रकल्प ज्या शहरात घडला, तेथील प्राणिप्रेमाच्या आठवणी त्यापासून अलिप्त ठेवून वाचणे ही वाचनातली उणीवच होय. (दलित-भटक्यांच्या आत्मकथनांची चर्चा इतकी झाली, तरी त्यांतील प्राण्यांकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.)

चितमपल्लींच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. त्यांच्या समग्र लेखनाचा कल हळूहळू उलटा होत जातो. 'निळावंती'च्या लोककथेत प्राण्याला माणसाची भाषा शिकवली जात नाही. माणूसच प्राण्यांची भाषा शिकू पाहतो आणि त्यात वेडा होण्याचा धोका पत्करतो. 'शब्दांचं धन' हे पुस्तकही याच वाटेवरचे. रानात वावरणाऱ्यांची शब्दसंपदा तेथे ज्ञान म्हणून स्वीकारली जाते, आणि ज्याच्या मुखातून ती आली तो निदान गुरूच्या जागी येऊन बसतो. बालपणीच्या प्रकरणांत ही जागा त्याला कितपत मिळते, हे त्या प्रकरणांतील क्रियापदे एकेक करून तपासल्याखेरीज ठरणार नाही.