पायगाडी आणि आमचें प्रवासवर्णन

मनुष्य कोणत्या वेगानें प्रवास करतो यावर तो काय पाहतो हें अवलंबून असतें, आणि काय पाहतो यावर काय लिहितो हें. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, तिचा उल्लेख करण्याचेंहि कारण पडूं नये. परंतु मराठी प्रवासवर्णनाची चर्चा करणाऱ्यांनीं लेखकाची दृष्टि, त्याची भाषा, त्याचा विनोद, त्याची बहुश्रुतता यांचा जितका विचार केला आहे, तितका तो कशावर बसून गेला होता याचा केलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. आगगाडीच्या खिडकींतून दिसणारा देश, विमानांतून दिसणारा देश आणि पायांखालून जाणारा देश हे तीन निरनिराळे देश आहेत. त्यांत चौथा एक आहे, तो सायकलीवरून दिसणारा. अलीकडे सायकलीवरून दूरदूरचा प्रवास करणारी बरीच मंडळी दिसतात, आणि त्यांपैकीं कित्येक आपले अनुभव लिहूंहि लागलीं आहेत. या नव्या लिखाणाचा थोडा परामर्श घ्यावा असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें. गेल्या पौषांत दापोलीहून मुरुडापर्यंतचा रस्ता आम्हीं स्वतः सायकलीवरून आक्रमिला, तेव्हां तो विचार कायम झाला.

आमच्या प्रवासवर्णनाचा पाया पायीं चालणाऱ्यांनीं घातला आहे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला. या पुस्तकांतील वाट वाचकाच्या मनांतून जात नाहीं. कां? तर भटजींस त्या वाटेवर जगावयाचें होतें. पाणी कोठें मिळेल, रात्रीं कोण आश्रय देईल, पुढच्या गांवांत लष्कर आहे कीं नाहीं, या प्रश्नांच्या उत्तरांवर त्यांचा प्राण अवलंबून होता. आणि म्हणून वाटेवरचा प्रत्येक माणूस त्यांनीं नीट निरखून पाहिला.

दुसरें उदाहरण खुद्द मुरुडचें. महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या 'आत्मवृत्तां'त (१९१५) एका परीक्षेची हकीकत आहे. मुरुडचा हा मुलगा भर पावसांत, डोंगरदऱ्या ओलांडून, सुमारें ११० मैल चालत साताऱ्यास गेला. आणि तेथें गेल्यावर, वयानें फार लहान दिसतो म्हणून, त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. ही हकीकत आम्हीं पुनः वाचली ती मुद्दाम सायकलीवरच्या प्रवासवर्णनांशीं ताडून पाहण्यासाठीं. सह्याद्रीच्या शोभेचें वर्णन येथें कोणी शोधूं नये. पायांस फोड आले, जीव थकला, असा आक्रोशहि नाहीं. तरीहि एकशेंदहा मैलांचें ओझें वाचकाच्या अंगावर येतें, कारण त्या अंतराच्या शेवटीं एका गरीब मुलाची आशा उभी आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्यें (१९३५) दापोलीस शिकणारा श्याम पालगडास पायीं घरीं येतो, तेथेंहि हेंच घडतें. वाट लांब वाटते ती आई दुसऱ्या टोकाला असते म्हणून. अंतर हें मैलांनीं मोजलें तरी वाङ्मयांत तें हेतूच्या मापानेंच उतरतें.

आतां सायकलीकडे वळूं. ज्याला आज आपण सायकल म्हणतो तें दोन सारख्या चाकांचें, साखळीचें वाहन इंग्लंडांत १८८५ च्या सुमारास सिद्ध झालें, आणि १८८८ सालीं डनलॉपनें हवेच्या धांवा काढल्यावर तें सुखावह झालें. त्याच १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान घातलें. ज्या घराण्यानें पुढें मराठी मध्यमवर्गाला 'किर्लोस्कर' मासिक दिलें, त्याच्या उद्योगाचा आरंभ सायकलीपासून व्हावा, हा योगायोग वाङ्मयाच्या अभ्यासकानें विसरण्यासारखा नाहीं. १९२३ सालीं मुंबईहून कांहीं पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगारा हे तिघे सुमारें साडेचार वर्षांनीं, १९२८ मध्यें, ती पुरी करून परत आले, आणि त्यांनीं आपला वृत्तांत इंग्रजींत लिहिला. आमच्याकडे मात्र सायकल ही कारकुनाची, पोस्टमनची, दूधवाल्याची व विद्यार्थ्याची सोबतीण झाली. पुणें तर एके काळीं सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जाई. असें असूनहि सायकलीवर बसून गांवाबाहेर पडलेला लेखक मराठींत फारसा दिसत नाहीं. जी वस्तु रोजच्या पोटामागें लागलेली असते ती सहलीची म्हणून सुचत नाहीं, हेंच याचें कारण असावें.

ही उणीव आज भरून निघत आहे, हें स्वागतार्ह होय. नव्या लिखाणाचा एक गुण मोकळ्या मनानें सांगितला पाहिजे: तें प्रामाणिक आहे. कोंकणाचें नांव निघतांच ज्यांच्या लेखणीस 'निसर्गाची मुक्त उधळण' आठवते, त्या वर्णनकारांपेक्षां हे सायकलस्वार बरे. चढावर दम लागला तर दम लागला म्हणून सांगतात; साखळी उतरली, टायर पंक्चर झालें, वाट चुकली, हें लपवीत नाहींत.

परंतु त्यांचा दोषहि तेथूनच निघतो. किती किलोमीटर झाले, किती मीटर चढलों, दर ताशीं सरासरी काय पडली, गाडीचे गिअर किती, या आंकड्यांनीं लेख भरून जातो. आंकडे खरे असतात, यंत्रानें मोजलेले असतात, आणि म्हणूनच लेखकाला असें वाटूं लागतें कीं आपण प्रवास सांगितला. वाटेंत भेटलेलीं माणसें या लेखांत दोनच कामांसाठीं येतात: चहा देण्यासाठीं आणि 'एवढ्या लांबून सायकलीवर?' असें आश्चर्य करण्यासाठीं. चहा पिऊन लेखक पुढें जातो. चहा देणाराचें काय झालें, त्याचा मुलगा कोठें आहे, शेजारच्या घराला कुलूप कां आहे, हें विचारण्यास त्याला सवड नसते. गोडसे भटजींस ती सवड होती, कारण त्यांस गरज होती. गरज नसलेल्या प्रवाशानें कुतूहलानें तिची जागा भरून काढावयास हवी. तें होत नाहीं, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

आक्षेप घेणारानें स्वतःची परीक्षा द्यावी हें न्याय्य आहे, म्हणून आमचाच अनुभव सांगतों. दापोली डोंगरमाथ्यावर, मुरुड समुद्राच्या कांठीं. मधला रस्ता बहुतेक उताराचा. जातांना आम्ही इतक्या वेगानें खालीं आलों कीं, आसूदची बाग केव्हां आली हें कळलें नाहीं. कानांत वारा, डोळ्यांत पाणी, हात ब्रेकांवर. दिसला तो फक्त पुढचा दहा हात रस्ता. त्या अर्ध्या तासाचें वर्णन करावयाचें तर आंकड्यांवांचून आमच्याजवळ दुसरें कांहीं नव्हतें, हें आम्ही लज्जेनें कबूल करतों. परतीच्या चढानें मात्र शिकविलें. गाडी हातांत धरून चढूं लागलों तेव्हां जांभ्या दगडाचे गडगे दिसले, त्यांवर वाळलेलें शेवाळ दिसलें, पोफळींच्या मुळाशीं पाटाचें पाणी खळखळतांना ऐकूं आलें. आसूदला थांबून ओढा ओलांडून केशवराजाच्या पायऱ्या चढलों. तेथें पाणी दारण्याच्या कामावर असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं कोणत्या दिवशीं कोणाच्या वाडींत पाणी जातें हें समजावून सांगितलें. आगरांतील पाण्याची पाळी हें एक संबंध समाजशास्त्र आहे. श्री. ना. पेंडसे यांचा जन्म याच टापूंतील मुर्डीचा, १९१३ सालचा. 'गारंबीचा बापू'ची (१९५२) माणसें अशा मातींतून कशीं उगवतात, तें त्या पायऱ्यांवर बसून जितकें समजलें तितकें टीकाग्रंथ वाचून आम्हांला समजलें नव्हतें. सायकलस्वारानें उताराचें वर्णन एका ओळींत आटोपावें व चढाला पानें द्यावींत, असा नियमच घालावा असें आम्हांस वाटतें.

मुरुडांत एक गोष्ट घडली; तिच्यासाठीं हा लेख लिहिला असें म्हटलें तरी चालेल. दोहों बाजूंस नारळीपोफळींच्या वाड्या आणि मधून गेलेला अरुंद रस्ता. सकाळची वेळ. समोरून शाळेचा वेष केलेल्या चार-पांच मुली सायकलीवरून आल्या. आम्ही बाजूस झालों. त्यांतील एकीनें घंटी वाजविली, दुसरी आमच्या डोक्यावरील शिरस्त्राण पाहून हंसली, आणि त्या निघून गेल्या. आंकडेवाले प्रवासवर्णन या प्रसंगास एक ओळ देईल, किंवा तीहि देणार नाहीं.

परंतु हें गांव कोणतें? याच मुरुडच्या मुलानें १८९३ सालीं एका विधवेशीं विवाह केला म्हणून गांवानें त्याला वाळीत टाकलें होतें. आपल्याच घरीं येणें त्याला अवघड झालें. त्याच्या आईवर, भावंडांवर काय प्रसंग आला, तें 'आत्मवृत्तां'त त्यानें कोणास दोष न देतां लिहिलें आहे. त्यानेंच १८९६ त अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ त महिला विद्यापीठ स्थापन केलें. १९५८ त त्याला भारतरत्न मिळालें, आणि आतां गांवांत त्याचें स्मारक आहे. हें ज्याला ठाऊक आहे त्याला ती घंटी निराळी ऐकूं येते. हें ठाऊक नसलेला प्रवासी त्याच रस्त्यानें जाईल, तेवढेच किलोमीटर करील, तोच समुद्र पाहील, आणि मुरुडास गेलाच नाहीं असें म्हणावें लागेल.

कोणी म्हणेल, सुटीच्या दिवशीं मोकळ्या हवेंत चार घटका हिंडणाऱ्यावर एवढें ओझें कशाला? हिंडणाऱ्यावर आमचें कांहींच ओझें नाहीं. त्यानें खुशाल हिंडावें. लिहिणाऱ्यावर मात्र आहे. कोंकणचे हे आडरस्ते बदलत आहेत. ज्या घरांचीं माणसें मुंबईस गेलीं त्यांचीं दारें बंद आहेत. ज्या वाड्यांस पाणी दारणारा उरला नाहीं तेथें पाहुण्यांसाठीं खोल्या उठत आहेत. रस्ता रुंद करावयाचा म्हटलें कीं पहिला जातो तो गडगा. या बदलांत वाईट तेवढेंच आहे असें नाहीं. त्या मुलींची सायकल हाहि एक बदलच आहे. पण हें सारें जवळून, संथपणें, थांबून पाहूं शकेल असा प्रवासी आज कोण उरला आहे? पायीं चालणारा जवळ जवळ संपला. मोटारवाला कांच वर करून जातो. राहतां राहिला सायकलस्वार. त्याची गाडी आवाज करीत नाहीं, कोणाच्याहि अंगणाशीं थांबते, आणि ती टेकवून ठेवली कीं तो पायीं चालणाराच असतो.

तेव्हां या नव्या लेखकांस आमची एवढीच सूचना आहे: निघण्यापूर्वीं त्या मुलखाचें एक पुस्तक वाचावें, चढावर उतरून चालण्यास लाजूं नये, आणि ज्यानें चहा दिला त्याच्याशीं निदान एक प्रश्नभर अधिक बोलावें. आम्ही स्वतः पुढच्या खेपेस दापोलीहून पालगडास जाणार आहों. श्यामच्या त्या वाटेवर चढ किती आहेत हें विचारलेलें नाहीं.