‘राजसिंह’चे पुनर्वाचन

किशोरवयात झपाटून वाचलेली अद्‌भुतरम्य ऐतिहासिक कादंबरी प्रौढपणी पुन्हा हाती घेतली, की बहुधा तिचे नायक-नायिका फिके पडतात. बंकिमचंद्रांच्या ‘राजसिंह’चेही तसेच होते, मात्र तेथे फिक्या पडलेल्यांच्या मागून दुसरेच कोणी पुढे येते.

पहिल्या वाचनात मनावर ठसते ती चंचलकुमारी. ही राजकन्या औरंगजेबाचे चित्र पायाने फोडते आणि मेवाडच्या राण्याला साद घालते. मराठी वाचकाला ती परकी नाही. हरिभाऊ आपट्यांनीही ‘रूपनगरची राजकन्या’ लिहिली. परंतु तिचा निश्चय आरंभीच पुरा झालेला असतो. पुढे उरतात त्या डोंगरी खिंडी, घोडदळे आणि (थोडे अधिकच) योगायोग. वाढत जाते ती झेबुन्निसा. प्रेम ही सामान्यांची गोष्ट मानणारी ही शाहजादी मुबारकला सर्पदंशाच्या शिक्षेपर्यंत नेते आणि मग सामान्य स्त्रीसारखीच तळमळते. रवींद्रनाथांनी ‘राजसिंह’वरील आपल्या लेखात तिच्या या दुःखाला मानाचे स्थान दिले. जोडासाँकोच्या घरात ‘बंगदर्शन’च्या अंकासाठी महिनाभर ताटकळणारा, आणि अंक आल्यावरही वडीलधाऱ्यांचे वाचून होईपर्यंत थांबणारा तो मुलगा तेव्हा तिशी ओलांडून गेला होता.

अडचण सुरू होते ती येथेच. इतिहासातील झेबुन्निसा विदुषी होती, विद्वानांची आश्रयदाती होती. बंडखोर भाऊ अकबर याच्याशी पत्रव्यवहार ठेवल्यामुळे १६८१ मध्ये बापाने तिला सलीमगडावर कैदेत टाकले; १७०२ मध्ये ती वारली. तिच्या नावावर खपणाऱ्या प्रेमकथा निराधार असल्याचे जदुनाथ सरकारांनी दाखवून दिले. कोलकात्याच्या वंगीय साहित्य परिषदेने काढलेल्या बंकिम-ग्रंथांच्या शतवार्षिक आवृत्तीत ‘राजसिंह’ला ऐतिहासिक प्रस्तावना लिहिली तीही त्यांनीच. आणि बंकिमचंद्रांनी १८९३ च्या विस्तारित आवृत्तीत, ‘दुर्गेशनंदिनी’लाही नाकारलेले ‘ऐतिहासिक’ हे बिरुद ‘राजसिंह’ला दिले होते. ज्या पुस्तकावर त्यांनी इतिहासाची मोहोर उठवली, त्यातील सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा अशी एका खऱ्या स्त्रीच्या बदनामीवर उभी आहे.

तिचे नाव बदलले असते तर अन्याय टळला असता; पण आलमगीराची मुलगी म्हणून तिच्या पतनाला जी उंची लाभते, तीही गेली असती. बंकिमचंद्रांना ती उंची हवी होती, आणि वाचकालाही ती सोडवत नाही. मुबारकसाठी तिने ढाळलेले अश्रू आजही खरे वाटतात. सलीमगडावरची एकवीस वर्षे मात्र कादंबरीच्या पलीकडे राहिली.