दर हजारी

भारताच्या महानिबंधक कार्यालयाकडून दरवर्षी एक आकडा जाहीर होतो: हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं किती. 1971 साली तो 129 होता, 2001 साली 66, 2017 साली 33. नमुना नोंदणी पद्धतीतून, म्हणजे ‘एसआरएस’मधून आलेला हा आकडा वर्तमानपत्रात एका ओळीत संपतो. पण पन्नास वर्षांचे आकडे एकाखाली एक ठेवून सावकाश वाचले, तर या देशात लिहिला गेलेला इतका गंभीर मजकूर दुसरा क्वचितच सापडेल, असं मला वाटतं.

वर दिलेल्या तीन आकड्यांपासूनच सुरुवात करू. दर पहिल्यांदा निम्मा व्हायला 30 वर्षं लागली, दुसऱ्यांदा 16. म्हणजे वेग जवळजवळ दुप्पट झाला. आता वजाबाकी करून पाहा. आधी 30 वर्षांत 63 अंक उतरले, नंतर 16 वर्षांत 33. दोन्ही टप्प्यांत वर्षाला दोनच्या किंचित वर! वेग तोच राहिला की वाढला? साध्या आलेखावर तो तोच दिसतो, प्रमाणाच्या पट्टीवर वाढलेला दिसतो. माझा कौल दुसऱ्या वाचनाला आहे. आधीच्या मृत्यूंमध्ये हगवण, गोवर, धनुर्वात यांचा वाटा मोठा होता. मीठ-साखर-पाण्याने आणि लशीने ते थोपवता आले. उरलेले मृत्यू आहेत अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या, जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळांचे. त्यांतले दोन अंक खाली आणणं फार अवघड.

शिवाय ती पहिली 30 वर्षं एकसारखी उतरणीची नव्हती. 1971 मध्ये 129, 1975 मध्ये 140, 1978 मध्ये 127: जवळजवळ एक दशक आकडा जागचा हललाच नाही. मग उतार लागतो आणि 1990 पर्यंत तो 80 वर येतो. त्यातही 1989 चा आकडा 91 आणि लगेच पुढचा 80. एका वर्षात 11 अंक! मुरलेला वाचक इथे हरखत नाही, थबकतो. हा नमुन्यावरून काढलेला अंदाज आहे, त्याला चुकीची मर्यादा आहे, म्हणून अशा ठिकाणी आजूबाजूच्या वर्षांची सरासरी पाहायची असते. मात्र त्यानंतर येते ती या कोष्टकातली मला सगळ्यात बोचणारी जागा: 1993, 1994, 1995; 74, 74, 74. तीन वर्षं, तोच आकडा. देशाच्या अर्थव्यवस्थेची दारं उघडल्याचा गाजावाजा चालू होता, ती हीच वर्षं.

पण अशी तुलना करायचा हक्क आपल्याला कुठून मिळतो? काल मोजलेलं आणि आज मोजलेलं एकाच तऱ्हेने मोजलं गेलं, याची खात्री काय? ही खात्री नसेल तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. 1921 साली शहराचा अर्भक मृत्यूदर हजारी सुमारे 667 नोंदला गेला आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत तो 800 च्याही वर. शब्दशः घेतलं तर तिनातली दोन बाळं वर्षाच्या आत गेली. आता हा अपूर्णांक उकलून पाहा. गिरणगावातली बाई बाळंतपणाला माहेरी जायची, रत्नागिरीकडे किंवा घाटावर. जन्म तिकडचा, मुंबईच्या वहीत त्याचा पत्ता नाही. काही महिन्यांनी बाळाला घेऊन ती चाळीत परतली आणि तिथे बाळ दगावलं, की मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यात. शिवाय मृत्यूची नोंद स्मशानाच्या वाटेवर व्हायचीच. जन्माची नोंद घरच्यांनी दिली तर. अंश फुगत गेला, छेद आटत गेला. ज्या खोल्यांतल्या बायका सर्वांत जास्त गावी जात, त्याच खोल्यांचा दर सर्वांत भयानक दिसला.

म्हणून चाळीतलं दुःख खोटं ठरत नाही. अंधार, ओल, दाटी होतीच. आई गिरणीत असताना बाळ पडून राहावं म्हणून अफूच्या बाळागोळ्या दिल्या जात, हेही नोंदलेलं आहे. पण 1921 चा 667 आणि आजचा आकडा शेजारी मांडून ‘इतक्या पटींनी सुधारणा झाली’ असं कुणी म्हणू लागलं, तर मी त्याला आधी छेद विचारीन.

छेद आणि अंश दोन्ही धरून ठेवायची युक्ती सापडली ती कलकत्त्याजवळच्या सिंगूरला. तिथल्या आरोग्य केंद्राच्या नोंदी हाताशी घेऊन सी. चंद्रशेखरन आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी 1949 साली एक निबंध प्रसिद्ध केला. हे डेमिंग म्हणजे पुढे जपानच्या कारखान्यांत गुणवत्तेसाठी नावाजले गेले तेच. आणि चंद्रशेखरन नंतर मुंबईच्या लोकसंख्या संस्थेचे संचालक झाले. कल्पना अशी, की एकाच गावातले जन्म-मृत्यू दोन माणसांनी, एकमेकांची वही न पाहता टिपायचे. समजा एकाच्या वहीत 100 जन्म आले, दुसऱ्याच्या 99, आणि दोन्हींत सामायिक 90. म्हणजे फक्त पहिल्याला सापडलेले 10, फक्त दुसऱ्याला 9. मग दोघांच्याही हातून निसटलेले किती? 10 गुणिले 9, भागिले 90: एक. जो कुणालाच दिसला नाही, त्याचाही हिशेब लागतो. हे सूत्र मी कितीदा तरी समजावून सांगितलं असेल. दर वेळी त्या शेवटच्या ‘एक’पाशी माझा आवाज खाली येतो.

सूत्राची अडचणही लेखकांना ठाऊक होती. काही घटना दोघांच्याही हातून सुटाव्यात अशाच असतात. दोन तास जगून गेलेलं बाळ घरचे पहिल्याला सांगत नाहीत आणि दुसऱ्यालाही सांगत नाहीत. म्हणून त्यांनी लोकसंख्येचे लहान, एकजिनसी गट पाडून हिशेब करायला सुचवलं.

1969-70 पासून देशभर चालू असलेल्या एसआरएसचा कणा हीच दुहेरी नोंद आहे. गावातलाच एक प्रगणक, बरेचदा शिक्षक किंवा अंगणवाडीताई, घडेल तशी नोंद ठेवतो. दर सहा महिन्यांनी बाहेरचा पर्यवेक्षक येऊन घरोघर स्वतंत्रपणे विचारतो. दोन्ही याद्या जुळवतात. जी नावं जुळत नाहीत त्यांच्यासाठी पुन्हा त्या दारात जातात. गेल्या खेपेला गरोदर म्हणून टिपलेल्या बाईचं पुढे काय झालं, हेही विचारलं जातं. दोन तासांच्या त्या बाळाला गाठायची ही खरी वाट. असे साडेआठ हजारांहून अधिक नमुना-गट आणि त्यांत ऐंशी लाखांवर माणसं, एवढ्यांवर तो वर्षाचा एक आकडा उभा असतो. नमुना दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर बदलतात. 2004 आणि 2014 पाशी त्यामुळे मालिकेला सांधा आहे. सांधा ओलांडून वाचायला हरकत नाही, तो कुठे आहे ते माहीत असलं म्हणजे झालं.

आता या कोष्टकातलं माझं सर्वांत आवडतं पान: गाव आणि शहर. 1971 मध्ये गावात 138, शहरात 82. 2020 मध्ये गावात 31, शहरात 19. दरी मिटली का? अंकांत पाहिलं तर 56 ची दरी 12 वर आली. पटीत पाहिलं तर तेव्हा गावातल्या बाळाचा धोका शहरातल्या बाळाच्या 1.7 पट होता, आज 1.6 पट, जवळपास जिथल्या तिथे. आणि तिसरं वाचन वर्षांचं. शहराचा 1971 चा दर गावाला गाठता आला तो 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे वीसएक वर्षांनी. गावाचा 2020 चा 31 हा आकडा शहरात 2010 मध्येच आला होता. गाव शहराच्या मागे दोन दशकं चालत होतं, आता एक दशक चालतंय. चारच आकडे, पण मंत्र्याला पहिलं वाचन सोयीचं, विरोधकाला दुसरं. मला तिसरं सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण गावातली आई ज्या काळात जगते आहे तो काळच ते सांगतं.

मुलगा-मुलगीच्या रकान्यातही अशीच एक फसवी जागा आहे. 2011 मध्ये मुलगे 43, मुली 46. 2020 मध्ये दोघंही 28. वाटतं, समानता आली. पण निसर्गतः पहिल्या वर्षात मुलगेच जास्त नाजूक असतात. दोघांची सारखी काळजी घेतली जाते तिथे मुलग्यांचा दर थोडा जास्तच दिसायला हवा. बरोबरीच्या त्या आकड्यात मुलींच्या बाजूला अजून थोडी तूट दडलेली आहे.

तळटीपाही सोडू नका. गोव्यासारख्या लहान राज्यांचे दर तीन वर्षांचे मिळून काढलेले असतात, कारण तिथल्या नमुन्यात जन्मच थोडे. एखादा मृत्यू इकडचा तिकडे झाला तरी दर उडी मारतो. लहान राज्यांची वार्षिक क्रमवारी लावणाऱ्यांनी ही ओळ वाचलेली नसते.

2020 च्या 28 पैकी 20 मृत्यू पहिल्या 28 दिवसांतले आहेत. इथून पुढची उतरण प्रामुख्याने तिथूनच यायची आहे. पण ती आणायची कशी? देशाच्या मालिकेत कालचा भारत आणि आजचा भारत एवढीच तुलना असते. दर कशामुळे उतरला, रस्त्यांमुळे, शिक्षणामुळे की दवाखान्यामुळे, हे तिला एकटीला सांगता येत नाही. त्यासाठी शेजारी दुसरा रकाना लागतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत तो मांडला. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात 39 गावं प्रयोगाची आहेत आणि 47 तुलनेची. 1993-95 मध्ये नवजात मृत्यूदर प्रयोगाच्या गावांत 62 होता, तुलनेच्या गावांत 58. गावातल्याच बायका शिकून घरोघर बाळं तपासू लागल्या, जंतुदोष ओळखून औषध देऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी पहिल्या रकान्यात 25.5 आहे. दुसऱ्यात, त्याच जिल्ह्यात, त्याच पावसापाण्यात, आकडा अजून साठच्याच आसपास आहे.