वर्गाबाहेरची कादंबरी

मराठी कादंबरी कॉलेजात केव्हा दाखल झाली, याचा शोध घेण्याचे येथे प्रयोजन नाही. दाखल झाल्यावर ती कॉलेजच्या कोणत्या भागात वावरली, एवढेच पाहावयाचे आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली निघाले. पदवी ही वस्तू आपल्या समाजात जुनी झाली. आपल्या कादंबरीने कॉलेजवर लिहिलेही पुष्कळ. परंतु ज्या कामासाठी कॉलेज उभारले जाते त्या कामापाशी ती कितीशी थांबली, असा प्रश्न केला तर उत्तर फारसे भूषणावह येत नाही.

ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांच्या कादंबऱ्यांतला तरुण वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो देखणा आहे, हुशार आहे, टेनिस खेळतो, सफाईने बोलतो. त्याची हुशारी आपण लेखकाच्या शब्दावर मान्य करतो. ती त्याने कशी कमावली हे आपल्याला दिसत नाही. कॉलेज हे या कादंबरीत तरुण-तरुणींची गाठ पडण्याचे सोयीचे ठिकाण आहे. त्या काळी असे दुसरे ठिकाण मध्यमवर्गाजवळ नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे फडक्यांना दोष देण्याचे कारण उरत नाही. मात्र या तरुणाच्या डोक्यात एखाद्या पुस्तकाने खळबळ उडवली, असा प्रसंग शोधू गेल्यास वाचकाला बराच वेळ शोधावे लागेल.

१९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि हे सारे सुबक चित्र मोडले. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, मित्र जोडतो, पैसे उधळतो, आणि शेवटी पदवी न घेताच गावी परततो. फडक्यांच्या नायकाला कधी न लागलेली एकटेपणाची आच येथे पानोपानी आहे. ‘कोसला’त वर्ग येतच नाही असे नव्हे, पण तो येतो टिंगलीपुरता. खरे जगणे वसतिगृहाच्या खोलीत, खाणावळीत आणि रात्रीच्या भटकण्यात. धाकटी बहीण मनी जाते, तेव्हा त्या दुःखाला तोंड देण्यासाठी पांडुरंगाजवळ त्याचे स्वतःचे वेडेवाकडे शब्द तेवढे असतात. कॉलेजात ऐकलेले एकही वाक्य त्याच्या उपयोगी पडत नाही. उच्च शिक्षणावर याहून कठोर टीका मराठीत क्वचितच झाली असेल. ती व्याख्यानाने केलेली नाही, म्हणूनच बोचते.

पुढे नेमाड्यांनी विद्यार्थी सोडून शिक्षक हाती घेतला. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या १९७५ ते १९७९ या काळात आलेल्या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील इंग्रजीचा प्राध्यापक आहे आणि एका गावच्या कॉलेजातून दुसऱ्या गावच्या कॉलेजात फिरतो आहे. ‘बिढार’ हे नाव अर्थपूर्ण आहे. पाठीवर संसार घेऊन फिरणाऱ्याचे ते बिऱ्हाड. स्वातंत्र्यानंतर गावोगाव कॉलेजे निघाली, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्यांच्याबरोबर संस्थाचालक आले, जातीचे गट आले, प्राध्यापकांच्या खोलीतली कुजबूज आली. हे जग नेमाड्यांनी ज्या तपशिलाने उभे केले त्याला तोड नाही. तरीही लक्ष जाते ते नेमणुकीकडे, भाड्याच्या खोलीकडे, सहकाऱ्यांकडे. नायक शिक्षक आहे. शिकवणे हा मात्र कादंबरीचा विषय होत नाही.

कोणी म्हणेल, वर्गात घडण्यासारखे काही नसते, म्हणून कादंबरी बाहेर गेली. हे खरे मानावे, तर आपल्या आत्मकथनांचे काय करायचे? लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली. तमाशात नाचणाऱ्या आईचा मुलगा भूक आणि अपमान सोसून डॉक्टर होतो. पुस्तकावर बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव लावतो. येथे परीक्षेचा निकाल म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न आहे. पांडुरंगाला परतायला सांगवी होती, घर होते, शेती होती. त्यामुळे पदवीकडे पाठ फिरवणे त्याला परवडले. ज्याच्या मागे परतीची वाटच नाही, त्याला कॉलेजची टिंगल सुचत नाही. ‘कोसला’चे मोठेपण याने उणे होत नाही, पण तिची मर्यादा याच जागी दिसते. पांडुरंगाचा कंटाळा हा सगळ्या तरुणांचा कंटाळा म्हणून वाचण्याची जी सवय आपल्या समीक्षेला लागली, ती सोडली पाहिजे.

हा वाद केवळ साहित्याचा राहिलेला नाही. आज महाराष्ट्रातल्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणारे असंख्य प्राध्यापक आहेत. नेट-सेट झालेले, कित्येक पीएच.डी. मिळवलेले. जेवढे तास घ्यावेत तेवढ्यांचाच मोबदला. सुटी आली की तोही बंद. चांगदेव नोकऱ्या बदलत होता, पण निदान त्याला पगार महिन्याचा होता. आजच्या चांगदेवाचे बिढार एका दिवसात दोन कॉलेजांतून फिरते. १९९४ साली नॅक आली, २०२० साली नवे शैक्षणिक धोरण आले. मूल्यांकनाचे अहवाल जाड होत गेले, फायली वाढल्या. त्या फायलींत सर्व काही मोजले जाते. पण समोरच्या पोराच्या डोळ्यांत काही पेटले की नाही, याला रकाना नाही.

यात एक विलक्षण विसंगती आहे. सरकार या शिक्षकाला ज्या एका तासाचे पैसे मोजते, नेमका तोच तास आपल्या कादंबरीने लिहावयाचा ठेवला आहे. खडू, फळा, अर्धवट भरलेली बाके, मागच्या बाकावर मोबाईलमध्ये डोके घातलेला मुलगा, पुढच्या बाकावर एस.टी.ने पहाटे निघून आलेली मुलगी, आणि त्या दोघांनाही एकच कविता समजावून सांगणारा, पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची खात्री नसलेला माणूस. यात नाट्य नाही असे कोण म्हणेल?

प्रेम झाले, वसतिगृह झाले, प्राध्यापकांची खोली झाली. आता कोणीतरी वर्गाचे दार उघडून आत जावे. आत काहीच चाललेले नाही असे आढळले, तर तसे लिहावे. तीही मोठी कादंबरी होईल. पण आत न जाताच तसे गृहीत धरण्याचा अधिकार लेखकाला नाही, आणि समाजाला तर मुळीच नाही.